दारफाळणीचा दसरा

पोहे किती भिजलेत हे रिबकाबाई कधी डोळ्यांनी बघत नसत. परातीवर तळहात ठेवायच्या, डोळे मिटायच्या, आणि कुणाची तरी नाडी बघावी तशा थांबायच्या.

"अजून नाही," त्या म्हणाल्या. "अजून कणी लागतेय."

खिडकीखालच्या खुर्चीत त्यांची सून सुखदा नओमीला पाजत बसली होती. बाळ तीन महिन्यांचं झालं होतं आणि तीन महिन्यांत झोप आणि जाग यांच्यामधलं कुंपण कुठेतरी पडून गेलं होतं. इकडची गाय तिकडे चरून यावी तसं मन कधीही पलीकडे जाई. बाहेर ख्राइस्टचर्चवर नॉर्वेस्टर सुटला होता. पश्चिमेच्या डोंगरांवर ढगांची लांबलचक कमान, तिच्याखाली स्वच्छ निळा पट्टा, आणि तिथून येणारा कोमट वारा. अंगणातल्या कोवायच्या झाडाला पिवळीजर्द फुलं लटकली होती. वाऱ्याने ती अशी हलत होती, जणू झाड झोपेत पुटपुटतंय.

आज रविवार, आज मलिदा. भिजवलेले पोहे, खवलेला नारळ, साखर, वेलची. वर खजूर, केळी, संत्री, सफरचंदं. सब्जाची पानं इथे मिळत नाहीत, म्हणून कुंडीतला बेझिल. पोहे हॉर्नबीच्या इंडियन दुकानातले. चौतीस वर्षं राहिलेला नवस आज फिटणार होता.

फिटणार होता की नाही, यावर मात्र नवराबायकोत सकाळपासून जुंपली होती.

"अहो, खारीक नाही, खजूर आणा म्हटलं होतं," रिबकाबाई मागच्या दाराकडे बघून म्हणाल्या.

शालोम आवासकर दारात उभे होते. आत येताना चौकटीवरच्या मेझुझाला, आत हिब्रू प्रार्थना असलेल्या छोट्या डबीला, बोटं लावून त्यांनी ती ओठांना टेकवली. हाताला बागेतली माती होती, ती ओठांनाही लागली. पंचाहत्तरी ओलांडली तरी माणूस ताठ होता. फक्त ऐकायला कमी आल्याचं सोयीप्रमाणे ठरवायचा.

"नवस कशाचा बोलली होतीस?" त्यांनी विचारलं.

"ठाऊक आहे तुम्हाला."

"खुर्चीचा. प्रोफेसरची खुर्ची मिळू दे, एलियाहू हन्नाबी, तुझा मलिदा करीन. हेच ना? मग मिळाली कुठे?"

"पदक मिळतंय की!"

"खुर्चीवर आपण बसतो, रिबका. पदक आपल्या छातीवर बसतं."

"अन् ही पोर? हिच्या नावाने करते मलिदा, मग तर झालं? उगाच एलियाहूशी वकिली करू नका."

ते हसले नाहीत, पण सुखदाकडे बघून त्यांनी एक भुवई वर केली. नओमी दूध सोडून त्या भुवईकडे बघत राहिली.

पदक घेणार की नाही, हे पप्पांनी, सुखदाच्या सासऱ्यांनी, अजून कुणालाच सांगितलं नव्हतं. विद्यापीठाला 'होय' कळवलं होतं, पण घरात सगळ्यांना माहीत होतं की आवासकरांचा 'होय' हा ओल्या सिमेंटसारखा असतो, वाळेपर्यंत खरं नाही. पदकाचं नाव 'ऑल्डरिज पदक' होतं, सगळी गोम तिथेच होती.

*

सुखदाला हे सगळं माहीत होतं, कारण गेले तीन महिने दुपारी पप्पा नओमीला मांडीवर घेऊन आपलं आयुष्य सांगत. मराठीत. तामार, सुखदाची पाच वर्षांची थोरली, शाळेतून आली की तीही नानांच्या पायाशी बसे आणि प्रश्न इंग्रजीत विचारी. सुखदा सोफ्यावर कलंडलेली असायची. त्यातलं किती ऐकलं आणि किती स्वप्नात पाहिलं, हे आता तिलाही सांगता आलं नसतं.

त्या स्वप्नात अलिबागजवळचं आवास गाव होतं. नारळीपोफळीच्या सावलीत तेलाचा घाणा, डोळ्यांवर झापड बांधलेला बैल. शुक्रवारी ऊन उतरलं की बैलाची झापड काढायची, आणि शनिवारभर घाणा मुका. म्हणून गाव त्यांना 'शनवार तेली' म्हणायचं.

"चिडवायचे का नाना?" असं तामारने इंग्रजीत विचारलं होतं.

"चिडवायचे ना! तेलात भेसळ करता म्हणून चिडवायचे. पण देव कुठला ते कुणी विचारलं नाही. गणपतीला त्यांच्याकडचे मोदक आमच्याकडे, आणि आमच्याकडची चिकाची वडी त्यांच्याकडे. आपल्यावर कुणी रागावू शकतं, हे कळायला मला बोट पकडून इंग्लंडला जावं लागलं."

आणि मग खंडाळ्याचा तो खडक. घाटातलं खंडाळा नव्हे, अलिबागजवळचंच एक गाव. आवासहून बैलगाडीने जायचं. तिथे प्रेषित एलियाहू हन्नाबी रथातून आकाशात गेला, आणि जाताना घोड्यांच्या टापा आणि रथाची चाकं खडकावर उमटली. सात वर्षांच्या शालोमने त्या खळग्यात पाऊल ठेवून आजाला विचारलं होतं, "एवढ्या जोरात टाप मारली तर दगड फुटेल ना? खळगा कसा पडेल?"

आजाने विचार केला. निरक्षर माणूस, पण प्रश्नाला मान देणारा. म्हणाला, "आरं, दगड तवा मऊ आसंल."

"तेवढंच एक वाक्य," पप्पा नओमीला सांगत. "बाकी मी पन्नास वर्षं केलं ते त्या वाक्याला तळटीपा लावण्याचं काम. दगड खरंच मऊ होता, बाय माझी. सगळा कोकण मऊ होता. वाहत होता."

मुंबईत इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू, मुलांच्या शाळेत, मग कॉलेजात भूशास्त्र, मग चोपन्न साली बोट. इंग्लंडमध्ये खोली शोधताना घरमालकिणीने त्यांना आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाली, "तू इंडियन आहेस खरा, पण निदान ज्यू तरी नाहीस." खोली मिळाली. तीन वर्षं तिथे शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी दिवा लावला नाही. टेबलावर आवासच्या किनाऱ्यावरचा काळा दगड होता, त्यावर हात ठेवून अंधारात बसायचे. त्यांच्या गाइडने तर स्पष्टच विचारलं होतं, "आवासकर, तू नक्की कोण? इंडियन की ज्यू? ज्याचा त्रास कमी तेवढं एकच ठेव बुवा."

तिथून इथे, कारण इथला डोंगर बघितला आणि तो घरचा निघाला. ख्राइस्टचर्चच्या दक्षिणेला समुद्रात घुसलेले ते जुने ज्वालामुखी, तोच काळा पाषाण, त्यात तेच ताणले गेलेले बुडबुडे. बुडबुडा कुठल्या बाजूला ताणलाय त्यावरून लाव्हा कुठून कुठे वाहत गेला ते वाचता येतं, हे शालोम आवासकरांनी जगाला दाखवलं. आणि ते ज्या डिपार्टमेंटमध्ये दाखवलं, तिथे प्रमुख होता हॅरल्ड ऑल्डरिज.

बहात्तर साली खुर्ची रिकामी झाली. सगळे म्हणत, आवासकरच. सप्टेंबरात चहाच्या वेळी ऑल्डरिजने सहज विचारलं, "तुमचा तो मोठा उपासाचा दिवस यंदा कधी रे?" पप्पांना बरं वाटलं. कुणीतरी विचारलं म्हणून. त्यांनी तारीख सांगितली, वर समजावूनही सांगितलं की आमच्या कोकणात त्याला दारफाळणीचा सण म्हणतात. फाळणं म्हणजे बंद करणं. त्या दिवशी दार लावून घ्यायचं, पांढरे कपडे घालायचे, अन्न नाही, पाणी नाही, बाहेर कुणाला भेटायचं नाही. आत फक्त आपण, देव, आणि भेटीला आलेले पूर्वज.

चार दिवसांनी मुलाखतीची तारीख लागली. तीच.

पप्पा विनवायला गेले. ऑल्डरिज म्हणाला, "निवड तुझी आहे. आज एकाला सणाचा दिवस दिला तर उद्या सगळं डिपार्टमेंट सुटी मागेल."

*

"येत्या शनिवारी नव्याचा सण," रिबकाबाई बोटांवर मोजत म्हणत होत्या. हात अजून परातीत. "मग दहाव्या दिवशी दारफाळणी. म्हणजे सोमवारी. ऑक्टोबरची दोन ना गं ती?"

सुखदा जागी झाली. म्हणजे डोळे उघडेच होते, पण आता त्यांनी बघितलं.

फ्रिजवर पुण्याहून आईने गोड्या मसाल्याबरोबर पाठवलेलं कालनिर्णय लटकत होतं. गेल्या महिन्यात डिपार्टमेंटच्या नव्या प्रमुखाचा, कर्स्टी डनलॉपचा, फोन आला होता: समारंभाला कुठला दिवस बरा? सुखदा फोनवर हात ठेवून बागेत ओरडली होती, "पप्पा, तारीख विचारतायत!" आणि पप्पा वाफ्यातून म्हणाले होते, "तुझ्या पंचांगाला विचार. मला सगळे दिवस सारखे."

तिने विचारलं होतं. कालनिर्णयात दोन तारखेच्या चौकोनात लाल अक्षरांत होतं, दसरा. साडेतीन मुहूर्तांतला एक! या घरात येऊन आठ वर्षांत आपल्याकडचं काहीतरी देता यावं असा क्षण पहिल्यांदा आला होता. तिने मोठ्या ऐटीत सांगून टाकलं: "सेकंड ऑक्टोबर. इट्स अ व्हेरी ऑस्पिशस डे."

हॉल ठरला. वेलिंग्टनहून पाहुणे ठरले. तिला ठाऊक होतं की दारफाळणी याच सुमारास येते, पण ती दरवर्षी सरकते, आणि यंदा बाळंतपणात कुठला महिना चाललाय हेच तिला फोनवर बघावं लागत होतं.

"सुखदा? अगं, बाळाची मान सांभाळ."

"हो मम्मी," ती म्हणाली. नओमीला खांद्यावर घेऊन ती मागच्या दाराने बाहेर पडली.

*

एली, तिचा नवरा, गॅरेजच्या बाजूला घडीच्या खुर्च्या पुसत होता. पायात जँडल्स, इथल्या रबरी चपला, डोक्यावर टोपी. तिने एका दमात सांगितलं. त्याने फडकं खाली ठेवलं.

"शिट. दोन तारीख?"

"दसरा होता रे."

"आता बोलू नकोस. मलिदा होऊ दे. मी रात्री कर्स्टीला ईमेल टाकतो."

"काय टाकणार? पप्पांच्या वतीने बदलून मागणार? त्यांनी एकदा मागितली होती, एली."

"मग... समारंभ दुपारी दोनला आहे. उपास घरी काय, हॉलमध्ये काय. पाणी न पिता नुसतं बसायचं, पदक घ्यायचं, यायचं."

"कमाल आहे तुझी." हा आवाज वाळत घातलेल्या चादरींच्या मागून आला. एलीची थोरली बहीण फ्लोरा दोरीवरचे कपडे काढत होती. कालच ऑकलंडहून आली होती. तिथे ईस्ट टामाकीतल्या एका गोदामाचा सगळा कारभार ती बघते, आणि बोलतेही तशीच, जणू समोरच्याला ट्रक मागे घ्यायला सांगतेय. "नुसतं बसायचं म्हणे! त्याच दिवशी, त्याच माणसाच्या नावाचं पदक घ्यायला?"

"ताई, तुला तसंही ते नकोच होतं."

"नकोच आहे. तो माणूस मेला म्हणून संत झाला काय?"

"आयुष्यभर वाट बघितली त्यांनी. आता मिळतंय तर..."

"तू दोन वर्षांचा होतास रे. तुला काय आठवतंय?" फ्लोराने चादर छातीशी धरली. तिचा आवाज खाली आला. "मी दहाची होते. पडदे ओढलेले, सगळे पांढऱ्यात. अन् फोन वाजायला लागला. डिपार्टमेंटचा. मुलाखतीला का आला नाहीत म्हणून. वाजून वाजून थांबायचा, परत वाजायचा. उचलायचा तर नाहीच. पप्पा भिंतीकडे तोंड करून उभे होते, आणि प्रत्येक घंटीला त्यांची पाठ अशी..." तिने चादरीची एक घडी घातली, मग आणखी एक. "अजून ऑफिसात फोन दोनदा वाजू देत नाही मी. पोरं हसतात."

 एलीने घडीची खुर्ची उघडली आणि बहिणीपुढे ठेवली. ती बसली नाही, पण खुर्चीच्या पाठीवर तिने हात ठेवला.

"मी सांगते पप्पांना," सुखदा म्हणाली.

"थांब," दोघं बहीणभाऊ एकदम म्हणाले. आठ वर्षांत त्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं असावं.

तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली. कर्स्टी डनलॉप आली होती. मलिद्याचं आमंत्रण रिबकाबाईंनी तिला परस्पर दिलं होतं.

*

कर्स्टी चाळिशीची, उन्हाने नाक लाल झालेली, हातात पावलोव्हा केकचा डबा. दारातल्या चपला बघून तिनेही बूट काढले, आणि "किया ओरा, किया ओरा" असा इथला नमस्कार करत आत आली. तिच्या एका मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. सुखदाला का कोण जाणे, त्या भोकामुळे थोडा धीर आला.

परात मधोमध ठेवली होती. पोह्यांचा पांढरा डोंगर, त्यावर खजूर, केळ्यांच्या फोडी, गुलाबाच्या पाकळ्या. पप्पांनी टोपी घातली. मग त्यांनी 'एलियाहू हन्नाबी' म्हणायला सुरुवात केली. शब्द हिब्रू आणि चाल कोकणातली, ओहोटीच्या वेळी होड्या ओढताना म्हणतात तशी लांबवलेली. रिबकाबाई मागोमाग म्हणत होत्या, फ्लोरा खालच्या पट्टीत, एली मधले शब्द गिळत. खिडकीतून वारा आला, बेझिलचा वास उठला, आणि सुखदाला क्षणभर वाटलं की या खोलीची जमीन पातळ झालीय. खाली ऊनऊन काहीतरी संथ वाहतंय आणि आपण सगळे त्यावर तरंगतोय, आवासपासून इथपर्यंत.

बेराखा, आशीर्वादाची प्रार्थना, झाली. खजूर वाटले गेले. रिबकाबाईंनी पहिली मूठ कर्स्टीच्या हातावर ठेवली.

"ओह, हे यम आहे," कर्स्टी म्हणाली. "शालोम, सगळे जाम एक्सायटेड आहेत हं. मग भेटूच, दोन तारखेला!"

पप्पांचा हात खजुरासकट हवेत थांबला.

"दोन?"

"दोन ऑक्टोबर. सोमवार."

 रिबकाबाई एकदम खाली बसल्या, हातातला पोह्यांचा वाडगा मांडीवर. पप्पा भिंतीकडे वळत होते. हळूच, इतकं हळू की कर्स्टीच्या लक्षातही आलं नसतं. पण फ्लोराने ते बघितलं आणि तोंडावर हात धरला.

"पप्पा," सुखदा म्हणाली. नओमी तिच्या खांद्यावर होती.  "पप्पा, तारीख त्यांनी नाही ठरवली. मी दिली."

ते थांबले.

"तुम्ही म्हणालात पंचांगाला विचार. मी विचारलं. कालनिर्णयात... दसरा होता पप्पा. साडेतीन मुहूर्तांतला. मला वाटलं, सगळ्यात चांगला दिवस द्यावा." तिने नओमीची मान सावरली. "दारफाळणी त्याच दिवशी आहे हे मला आज पोहे भिजताना कळलं."

पप्पांनी तिच्याकडे बघितलं. मग फ्रिजवरच्या कालनिर्णयाकडे. चष्मा कपाळावरून खाली घेतला, जवळ गेले, आणि दोन तारखेच्या चौकोनावर मातीचं बोट ठेवून लाल अक्षरं वाचली. सुखदाला त्यांची पाठ दिसत होती. ती हलत होती. ते रडताहेत असं वाटून ती पुढे झाली.

ते हसत होते.

आधी आवाज न करता, मग खोकला आल्यासारखं, मग धबधब्यासारखं. "दसरा!" ते म्हणाले. "रिबका, ऐकलंस का? एकाने तारीख विचारून घेतली, दार बंद असेल ना, याची खातरी करायला. आणि हिने..." त्यांना पुढे बोलवेना. "हिने मुहूर्त काढला माझ्यासाठी! मुहूर्त!"

"हसताय काय अहो!" रिबकाबाई म्हणाल्या, आणि त्यांनाही हसू आवरेना. डोळ्यांतून पाणी येत होतं ते कशाचं हे विचारण्यात अर्थ नव्हता.

"व्हॉट्स फनी?" तामारने विचारलं. कुणी उत्तर दिलं नाही म्हणून तिने परातीतला एक खजूर पळवला.

कर्स्टी बिचारी एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. पप्पांनी डोळे पुसले, टोपी सरळ केली, आणि तिच्याकडे वळले. ते हे इंग्रजीत बोलले, पण सुखदाला ते नेहमी मराठीतच आठवत राहिलं.

"कर्स्टी, त्या दिवशी माझं दार बंद असतं. मी येणार नाही."

विनंती नव्हती ती. उद्या पाऊस आहे म्हणावं तसं ते म्हणाले.

"दार..." कर्स्टीने कपाळाला हात लावला. "ओ नो. यॉम किप्पूर! मीच बघायला हवं होतं. आय ॲम सो सॉरी, शालोम. मग मंगळवार? हॉल मंगळवारी रिकामा आहे, पाहुणे तसेही बुधवारपर्यंत इथेच आहेत. मंगळवार चालेल?"

"मंगळवारी आमचा शिळा सण," पप्पा सावकाश म्हणाले. "दार उघडायचं आणि लोकांना भेटायला जायचं."

"स्वीट ॲज," कर्स्टी म्हणाली. "मंगळवार तर मंगळवार." आणि केळ्याची फोड तोंडात टाकली.

झालं. एवढंच.

पप्पा घडीच्या खुर्चीवर बसले. हातातला खजूर अजून तसाच होता. मग ते मराठीत, कुणालाच नाही असं, म्हणाले, "इतकंच होतं?"

"इतकंच होतं हो," रिबकाबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

सुखदाला वाटलं, बंद दाराचं दुःख माणूस सोसतो. पण ते उघडायला इतकं हलकं होतं हे कळण्याचं दुःख? चौतीस वर्षं, आणि एका केळ्याच्या फोडीएवढा वेळ.

"तिला सांगा ना पप्पा," फ्लोरा म्हणाली. "कशाला झाकता? पदकावर कुणाचं नाव आहे ते कळू दे तिलाही."

मग त्यांनी सांगितलं. फार नाही, चारपाच वाक्यांत. चहाची वेळ, तो प्रश्न, ती तारीख. ऐकता ऐकता कर्स्टीच्या नाकाचा लाल रंग सगळ्या चेहऱ्यावर पसरला. तिने हातातला वाडगा खाली ठेवला.

"मला माहीत नव्हतं," ती म्हणाली. "मी कमिटीशी बोलते. नाव बदलता येईल. वेळ लागेल, पण मी..."

"घेऊच नका ते, पप्पा," फ्लोरा म्हणाली.

"ताई, त्यांना ठरवू दे," एली म्हणाला. पण त्याच्या आवाजात सकाळचा जोर नव्हता, आणि तो बहिणीच्या बाजूला जाऊन उभा राहिला होता.

पप्पांनी खजूर तोंडात टाकला. बी काढून तळहातावर घेतली, निरखली, दगडाचा नमुना निरखावा तशी.

"कर्स्टी, पदकावर माझं नाव कोरणार ना?"

"हो. मागच्या बाजूला."

"किती खोल?"

"अं... नेहमीसारखं. का?"

"उथळ कोरू नका म्हणावं. आणि त्याचं नाव राहू दे." मग फ्लोराकडे बघून मराठीत म्हणाले, "अगं, मी मेल्यावरही त्याला आता मला पाठीवर घेऊन फिरायला लागेल. याहून मोठी शिक्षा तुझ्या गोदामात आहे का?"

फ्लोराने हुंदका दिला, आणि तो अर्ध्यातच हसू झाला. "पप्पा, तुम्ही ना... महाबिलंदर आहात."

"अन् नवस?" रिबकाबाईंनी विचारलं. "फिटला की नाही ते सांगा आता एकदा."

पप्पांनी आपण बसलेल्या घडीच्या खुर्चीकडे बघितलं. तिच्या हातावर दोनदा थोपटलं. "खुर्ची आहे," ते म्हणाले. "जरा कुरकुरते. पण फिटला म्हण."

*

दोन ऑक्टोबरला घराचं दार बंद होतं.

पडदे ओढलेले, सगळे पांढऱ्यात. सुखदाला पाजायचं होतं म्हणून रिबकाबाईंनी तिला उपास करू दिला नाही, पण तीही पांढरी साडी नेसली होती. दिवसभर कुणी मोठ्याने बोललं नाही. रेशमाच्या गुंडाळीसारखा दिवस हळूहळू सुटत गेला. फोन वाजला नाही. फ्लोराने सकाळीच त्याची वायर काढून ठेवली होती आणि वायर आपल्या खिशात. तामार इंग्रजीत कुजबुजत विचारी, "आजाचा बैल पण आलाय का आत?" आणि नाना मान हलवून हो म्हणत.

पडद्याच्या फटीतून उजेड पिवळा झाला, मग तांबूस, मग करडा. एली खिडकीशी तारे मोजत होता; तीन दिसले की उपास सुटतो. तिसरा दिसला तसं त्याने वडिलांकडे बघितलं.

पप्पा उठले.  मेझुझाला बोटं लावली आणि दार उघडलं.

उंबऱ्यावर सुखदा मागच्या दाराने फिरून येऊन उभी होती. आपट्याची पानं या बेटांवर कुठली! तिच्या खांद्यावर नओमी आणि मोकळ्या हातात कोवायची फुलं होती. संध्याप्रकाशात ती खरंच सोन्याची वाटत होती.

"सोनं घ्या, पप्पा," ती म्हणाली. "सोन्यासारखे राहा."

त्यांनी तिच्या हाताखाली ओंजळ धरली. सोनं घेतलं की वडीलधाऱ्यांच्या पाया पडायचं, म्हणून ती वाकायला गेली, तर त्यांनी तिच्या खांद्यावरून नओमीलाच उचलून घेतलं. फुलं त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर सांडली. बाळ दिवसभराच्या शांततेने कंटाळलं होतं. आजोबांच्या हातात गेल्या गेल्या तिने दोन्ही पाय उचलून त्यांच्या छातीवर धाडकन आपटले. मग पुन्हा. उद्या जिथे पदक बसणार होतं, नेमक्या त्याच जागी.

"नाना!" तामार धावत आली. घाबरली की ती मराठी बोलायची. "नाना, दुखलं?"

शालोम आवासकरांनी त्या इवल्या टाचांवर आपला हात ठेवला आणि त्या तिथेच, छातीवर, दाबून धरल्या.

"नाही गं," ते म्हणाले. "दगड अजून मऊ आहे."